रिंगखाली उभं राहायचं नाही

जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघाच्या निवडीतून मला घरी पाठवलं तेव्हा मी आठवीत होते, आणि त्या दिवशी बॉल माझ्या हातात एकदाही आला नव्हता. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी तिखटमीठ लावतेय. पण तसंच झालं होतं. बॉल होते, एका जाळीत भरून खांबाला टांगलेले. सकाळी आधी सगळ्यांची उंची मोजली. मग बोटांना खडू लावून भिंतीशी उभं केलं आणि जागच्या जागी जमेल तेवढी उंच उडी मारायला सांगितलं. मग मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. एवढं झाल्यावर काही मुलींना उजवीकडे उभं राहायला सांगितलं, काहींना डावीकडे. डावीकडच्यांना म्हणाले, तुम्ही गेलात तरी चालेल. मी डावीकडे होते.

आमचं घर मखमलाबादला. थोडी जमीन, तिच्यात गुलाब आणि शेवंती, दसरा-दिवाळीच्या बेताने झेंडू. अण्णा, म्हणजे माझे वडील, उजाडायच्या आत फुलांच्या पाट्या घेऊन बाजाराला जायचे आणि आम्ही शाळेला निघायच्या सुमाराला परत यायचे. घरात खेळाचा कुणाला गंध नव्हता. उंचीला मी आईवर गेले होते, आणि आई गुलाबाच्या रांगेत खुरपायला बसली की तिला हाक मारूनच शोधावं लागे.

शाळा पंचवटीत होती. इमारतीच्या मागे भेगा पडलेलं सिमेंटचं कोर्ट, आणि त्या कोर्टावर आमच्या पी.टी.च्या बाई. बाई तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून खेळल्या होत्या. ओढणी कमरेला गच्च बांधून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या यायच्या, आणि आल्या की आम्ही बोलायचं थांबायचो. बाकीच्या शाळांतल्या मुली पहिल्या दिवसापासून रिंगमध्ये बॉल टाकायला शिकत. बाईंनी आम्हाला पहिलं अख्खं सत्र रिंगकडे बघूसुद्धा दिलं नाही. पळत यायचं आणि थांबायचं. एक पाय रोवून ठेवून त्याच्यावरच वळायचं. छातीपासून पास द्यायचा, तो समोरचीच्या छातीवरच गेला पाहिजे. डाव्या हाताने बॉल आपटत चालायचं, आणि शेजारून बाई चालायच्या, हाताची बोटं वर करून. किती बोटं ते न थांबता सांगायचं. म्हणजे नजर बॉलवर जाता कामा नये.

मला ते सगळं फार आवडायचं. इतर मुली कंटाळायच्या, मला उलट वाटायचं की या एका गोष्टीत मला कुणी मागे ढकलू शकत नाही. घरी मातीत बॉल उसळत नव्हता, म्हणून मी विहिरीजवळच्या हौदाशेजारी जो सिमेंटचा ओटा होता त्यावर डावा हात घोटत बसे. फुलं तुडवू नकोस, एवढंच अण्णा म्हणायचे. सातवी संपेपर्यंत आमच्या संघात बॉल वर न्यायचं, म्हणजे आपल्या बाजूने समोरच्या रिंगपर्यंत आपटत न्यायचं काम माझं झालं होतं. कुणाला कधी पास द्यायचा, कधी थांबायचं, हे मला दिसायचं.

आणि माझी मैत्रीण होती. ती सायखेड्याची. शाळेसाठी पंचवटीत मामांकडे राहायची. सातवीतच ती बाईंपेक्षा उंच झाली होती. कोर्टावर ती माझ्यानंतर वर्षभराने आली, पण ती उडी मारायची तेव्हा आम्ही सगळ्या आपापलं काम सोडून बघत राहायचो. काही मुली उडी मारताना झटका दिल्यासारख्या वर जातात. ती वर जायची आणि जराशी थांबायची तिथे. मी बॉल हवेत उंच टाकावा आणि तिने तो तिथेच पकडावा, यात आम्हाला दोघींना इतकी मजा यायची की बाईंना ओरडावं लागे. तिला मात्र पळता पळता थांबता येत नव्हतं. बॉल हातात धरून दोन पावलांपेक्षा जास्त चाललं की पंच शिट्टी वाजवतात आणि बॉल दुसऱ्या बाजूला जातो. तिची रोज शिट्टी वाजायची. बाई म्हणायच्या, हिला अजून एक वर्ष कुठे पाठवायचं नाही, हिचे पाय अजून हिचं ऐकत नाहीत.

निवडीला तिचं नाव मामांनी दिलं होतं, आणि त्या दिवशी ती अर्थातच उजवीकडे उभी राहिली. सगळ्यांत पुढे.

बाई त्या दिवशी आमच्याबरोबर आल्या होत्या. मी डावीकडून निघाले तसं त्यांनी माझा दंड धरला आणि मला घेऊन त्या निवड समितीतल्या एका सरांकडे गेल्या. हे सर जिल्ह्यात मोठे मानले जात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली राज्याच्या संघात होत्या, आणि ते स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी बाईंना खुर्ची देऊ केली. बाई बसल्या नाहीत.

"ही मुलगी आमचा संघ चालवते," बाई म्हणाल्या. "हिच्या हातात एकदा बॉल देऊन बघा."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "बाई, खेळ आम्ही शिकवू हो. उंची कुठून आणू?"

"मग उंच आहे तिला तरी शिकवा. तिला अजून थांबता येत नाही."

"शिकवू की. आधी शरीर लागतं. बाकीचं मागून येतं."

परत येताना रिक्षात बाई बाहेर बघत बसल्या. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मला रडू येत नव्हतं, माझा नुसता संताप होत होता. पंचवटी कारंजाजवळ उतरताना त्या इतकंच म्हणाल्या की उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला ये, उशीर करू नकोस.

मैत्रीण पुढच्याच वर्षी दुसऱ्या शहरातल्या क्रीडा वसतिगृहात गेली. तिथे राहायचं, तिथल्याच शाळेत शिकायचं आणि दोन्ही वेळा सराव करायचा. सायखेड्यात तिच्या घरच्यांनी गल्लीत पेढे वाटले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, रिंगच्या जवळ हात उंचावलेला. दिवाळीच्या सुट्टीत ती आली की आधी आमच्या घरी यायची. आई तिला शेवंतीची वेणी द्यायची आणि मैत्रीण ती केसात माळून, तशीच कोर्टावर यायची. तिच्याकडून मला तिथलं सगळं कळायचं. सकाळी किती पळवतात, वजनं कशी उचलायला लावतात, जेवणात अंडी किती देतात. मी विचारायची, आणि बॉल? ती म्हणायची, मला रिंगखाली उभं राहायचं असतं, बॉल आला की वर टाकायचा. खाली आपटला तर सर चिडतात. म्हणतात, ते तुझं काम नाही, ते बुटक्या मुलींचं काम.

तिला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण ती जिंकत होती. चौदाव्या वर्षी ती तिच्या वयाच्या सगळ्या मुलींच्या डोक्यावरून बघायची. कुणाला तिच्या हातातून बॉल काढताच येत नव्हता, मग दुसरं काही येण्याची गरज काय? मीच बाईंना म्हणाले होते की बघा, तिचं चाललंय चांगलं. बाई म्हणाल्या, चालू दे, ती वाढायची थांबली की बघू.

ती नववीतच वाढायची थांबली. सगळ्यांना वाटलं थोडी थांबली असेल, पुन्हा वाढेल. तिच्या आईची उंची बघितली असती तरी कळलं असतं. दोन वर्षांत तिच्याबरोबरच्या मुली तिच्या बरोबरीला आल्या, काही पुढे गेल्या, आणि विदर्भातून, कोल्हापूरकडून नव्या उंच मुली वसतिगृहात आल्या. रिंगखालची जागा त्यांच्याकडे गेली. मग तिला सांगितलं, तू आता बाहेरून खेळ, बॉल वर घेऊन ये. तिने बॉल खाली आपटला की समोरची मुलगी तो सहज काढून घ्यायची. एक हंगाम ती बाकावर बसून राहिली. अकरावी अर्धी झाली होती तेव्हा तिला घरी पाठवलं.

हे मला तिच्या मामांकडून समजलं. ती स्वतः कुणाला काही कळवत नव्हती. मी एका रविवारी एसटीने सायखेड्याला गेले. ती टोमॅटोच्या शेतात तारेला सुतळीने वेल बांधत होती. मला बघून हसली, पण हातातलं काम सोडलं नाही. मी पण शेजारी उभी राहून बांधायला लागले. बराच वेळ आम्ही घरच्यांबद्दल, कॉलेजबद्दल बोललो. मग नदीच्या घाटावर जाऊन बसलो, तिथे तिने सांगितलं.

"मला त्यांनी काही शिकवलंच नाय गं," ती म्हणाली. "आता म्हणतात, तुला काही येत नाय. माझी उंची थांबली, म्हणून मलाच थांबवलं."

तिचा आवाज अगदी साधा होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसा. मला मात्र त्या रिक्षातल्यापेक्षा जास्त राग आला. मला त्यांनी काही दिलं नाही, हे मी समजू शकत होते. मी बुटकी होते, त्यांना नको होते. पण जी त्यांना हवी होती तिचंसुद्धा त्यांनी एवढंच केलं होतं. ती उंच होती तोवर तिची उंची वापरली. मी तिला म्हणाले, बाईंकडे चल. ती नाही म्हणाली. आता या वयात लहान पोरींबरोबर बॉल आपटत बसायचं का, लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे, मला आठवीपासून हसतायत. ती त्या दिवशी तयार झाली नाही. जूनमध्ये मात्र तिने नाशिकच्या माझ्याच कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात सकाळी शाळेच्या कोर्टावर येऊन उभी राहिली.

बाईंनी तिला काही विचारलं नाही. पाचवीच्या मुलींची रांग चालली होती, तिच्या शेवटी तिला उभं केलं. ते दृश्य मी विसरणार नाही. कमरेएवढ्या मुली, आणि त्यांच्या मागे ही, राज्याच्या शिबिराचा टी-शर्ट घातलेली, डाव्या हाताने बॉल आपटत खाली मान घालून चाललेली. बाई शेजारून बोटं दाखवत होत्या आणि तिला ती सांगता येत नव्हती. पाचवीची एक मुलगी मागे वळून तिला हळूच उत्तर सांगायची.

शाळेत कसल्याशा कार्यक्रमाला ते निवड समितीतले सर आले होते. कार्यक्रम संपल्यावर कोर्टाकडे आले. त्यांनी तिला ओळखलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, पण आम्हाला ऐकू येत होतं, "आता हिचं काय होणार बाई? हे शिकायचं एक वय असतं."

बाईंनी शिट्टी गळ्यातून काढून हातात घेतली. "ते वय तुमच्याकडे होतं सर. तेव्हा काय केलंत?"

सर निघून गेले. मैत्रीण मान खाली घालून बॉल आपटत होती, पण तिचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून ती वेळेच्या आधी येऊ लागली.

मला इथे माझंही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट एकाच बाजूची होईल. कॉलेजच्या संघातून मी पहिल्याच वर्षी खेळायला लागले आणि पहिल्याच मोठ्या सामन्यात माझी पार दैना झाली. समोरच्या संघात हातात फारसं कसब नसलेल्या पण वाऱ्यासारख्या पळणाऱ्या मुली होत्या. मी बॉल घेतला की दोघी अंगावर यायच्या. मला पुढची वाट दिसत होती, पण तिथे पोचायला माझ्या पायांत दम नव्हता. उत्तरार्धात मी नुसती धापा टाकत होते. बाई बघायला आल्या होत्या. सामना झाल्यावर मी म्हटलं, त्या नुसत्या पळतात हो बाई, त्यांना खेळता कुठे येतं? बाई म्हणाल्या, पळणं हाही खेळच आहे, तो तुला येत नाही.

मग मला पळायला मैत्रिणीने शिकवलं. वसतिगृहात तिने शरीराचं सगळं शिकून घेतलं होतं, आणि ते शिकवायला ती बाईंपेक्षा कडक निघाली. चामरलेणीचा डोंगर आमच्या घरापासून जवळ. सकाळी आम्ही सायकली पायथ्याशी लावायचो आणि पायऱ्या पळत चढायचो. मी मध्येच बसले की ती वरून यायची, माझ्या शेजारी उभी राहायची आणि वाट बघायची. तिने मला उडी मारून खाली कसं यायचं ते शिकवलं, गुडघे वाकवून, आवाज न करता. माझी उडी काही फारशी वाढली नाही. पण दम वाढला, आणि पुढच्या हंगामात त्या वाऱ्यासारख्या मुली माझ्या अंगावर आल्या तेव्हा मी त्यांच्यातून निघू शकले.

ते सर म्हणत होते की शरीर जन्मतः असावं लागतं आणि खेळ मागून येतो. ते दोन्ही बाबतींत चूक होते. शरीर मी चामरलेणीवर कमावलं, उशिरा का होईना. आणि खेळ कुणी दिल्याशिवाय मागून येत नाही, हे मी सायखेड्याच्या घाटावर बघितलं होतं. कुणाच्या अंगात अमुक आहेच, कुणाच्या नाहीच, असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा शिकवायचा कंटाळा करतो, असं माझं तेव्हा मत झालं. ते आजही बदललेलं नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य फेरीत मला लवकरच चार फाउल झाले. पाचव्याला बाहेर जावं लागतं, म्हणून मला बाकावर बसवलं. बॉल वर न्यायला आता कुणी नव्हतं. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं आणि बॉल मागून घेतला. समोरची मुलगी तिच्यावर धावून आली. मैत्रिणीने बॉल उजव्या हातातून डाव्यात घेतला, मान वर, नजर पुढे, आणि तिला ओलांडून गेली. दुसरी आली, तिच्यापुढे ती दोन्ही पायांवर गच्च थांबली, वळली आणि मोकळ्या मुलीला पास दिला. आमची बास्केट झाली. बाई प्रेक्षकांत होत्या. त्या टाळ्या वाजवत नसत, त्या दिवशीही वाजवल्या नाहीत. फक्त ओढणी सोडून पुन्हा बांधली. आम्ही तो सामना जिंकलो आणि अंतिम सामना हरलो. मैत्रीण पुढे विद्यापीठाच्या संघात गेली, बॉल वर नेणारी म्हणून. आता सिन्नरच्या एका शाळेत पी.टी. शिकवते.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने मला त्यांच्या जागी घेतलं. नवीन शतक सुरू झालं होतं, कोर्टावर नवा कोबा झाला होता, पण संस्थेचं लक्ष आता करंडकांकडे जास्त होतं. दारात फलक लागायचा, कुणी कुठे काय जिंकलं त्याचा. क्रीडा सल्लागार म्हणून संस्थेने त्याच सरांना बोलावलं. ते आता थकले होते, पण मत तेच होतं.

आमच्याकडे दिंडोरीची एक मुलगी आली. वडिलांचा द्राक्षबाग. सहावीतच ती इतकी उंच होती की संस्थेच्या चिटणीसांनी कोर्टावर येऊन स्वतः तिला बघितलं. तिचे वडील छाटणीची गडबड सोडून मला भेटायला आले आणि म्हणाले, मॅडम, हिला रिंगखाली उभी करा, म्हणजे सिलेक्शनला बरं पडेल, असं सगळे सांगतात. मी त्यांना म्हटलं, माझ्या कोर्टावर कुणीही रिंगखाली उभं राहायचं नाही. उंच असो, बुटकी असो, सगळ्या मुली बॉल वर आणायला शिकणार. आणि सगळ्या मुली पळायला, उडी मारायला, नीट खाली यायला शिकणार. चौदा वर्षांची होईपर्यंत कुणाची जागा ठरणार नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. 

त्या वर्षी जिल्हास्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. दिंडोरीच्या मुलीच्या हातून बॉल जात राहिला, आणि मी तिलाच पुन्हा पुन्हा बॉल वर आणायला लावला. समोरच्या संघाने आपली उंच मुलगी रिंगखाली ठेवली होती आणि तिने जवळपास सगळ्या बास्केट केल्या. प्रेक्षकांतून आमचेच पालक माझ्या नावाने ओरडत होते.

सोमवारी मला संस्थेच्या कार्यालयात बोलावलं. चिटणीस होते, सर होते, आणि मुलीचे वडीलही होते. माझ्यासाठी खुर्ची रिकामी होती. मी बसले आणि चहा आला तोही घेतला, कारण मला घाई नव्हती. चिटणीसांचं म्हणणं सरळ होतं. एवढी उंची देवाने आपल्या शाळेत पाठवली आणि तुम्ही ती वाया घालवताय. सर म्हणाले, बॉल आपटणं काय, तिला नंतर शिकवता येईल.

"नंतर कधी, सर?" मी विचारलं. "ती वाढायची थांबल्यावर? एकीला थांबवलंय आधी तुम्ही. मी तिला पाचवीच्या रांगेत उभं राहिलेलं बघितलंय, आणि तुम्हीही बघितलंय."

 चिटणीस म्हणाले की मग स्पर्धेसाठी संघ दुसऱ्या प्रशिक्षकांकडे द्यावा लागेल. मी म्हटलं, द्या. संघ तुमचा आहे. सकाळचा सराव माझा आहे, तो मी सोडणार नाही आणि त्यात एक अक्षर बदलणार नाही. नोकरीवरून काढायचं असेल तर तेही करा, मी बाहेर कुठेतरी रिंग लावीन. मखमलाबादला आमची जागा आहे.

खरं तर तिथे रिंग लावायला अण्णांनी शेवंती काढू दिली असती की नाही, मला माहीत नव्हतं. पण बोलून गेले, आणि मागे घेतलं नाही.

तेव्हा मुलीचे वडील पहिल्यांदा बोलले. म्हणाले, पोरीला विचारू का एकदा. तिला वर्गातून बोलावलं. ती दारातच उभी राहिली. वडिलांनी विचारलं, तुला कुठं खेळायला आवडतं? तिने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. "मला बॉल घेऊन जायला आवडतं, पप्पा," ती म्हणाली. "चुकतंय अजून, पण आवडतं."

संघ त्यांनी खरोखरच काढून घेतला. नवे प्रशिक्षक आले, उंच मुली घेऊन गेले, आणि त्या वर्षी एक करंडकही आला. फलक लागला. दिंडोरीची मुलगी त्या संघात गेली नाही, तिच्या वडिलांनीच नाही म्हणून सांगितलं. ती वर्षभर सकाळी माझ्याकडे आली आणि एकही सामना खेळली नाही. शनिवार-रविवारी सिन्नरहून मैत्रीण यायची आणि मुलींना मैदानाच्या कडेने पळवायची. मुली तिला माझ्यापेक्षा जास्त घाबरायच्या. पुढच्या वर्षी नव्या प्रशिक्षकांना दुसरीकडे बरी जागा मिळाली आणि संघ परत माझ्याकडे आला. कुणी पत्र दिलं नाही, कुणी काही बोललं नाही. शिपाई आला आणि टी-शर्टांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवून गेला.

सिन्नरला सामना होता. दिंडोरीच्या मुलीने सुरुवातीलाच बॉल गमावला. लगेच पुन्हा गमावला. तिने बाकाकडे बघितलं. मी जागची हलले नाही. तिने बॉल मागून घेतला आणि पुन्हा निघाली, या वेळी डाव्या हाताने, आणि तिच्या उंचीची मुलगी मान वर ठेवून मैदानभर बॉल आपटत येताना बघून समोरच्या मुलींना कळेना की तिला कोण अडवणार. बुटक्या मुली तिच्या खांद्यालाही पोचत नव्हत्या आणि उंच मुलींना तिच्यामागे पळता येत नव्हतं. आम्ही जिंकलो. पुढची फेरी हरलो, तेही सांगते. पुढे ती थोडीशीच वाढली, चारचौघींत उठून दिसेल इतकी राहिली नाही. कॉलेजात गेली तेव्हा तिचा संघ तीच चालवायची.

त्या सामन्याला सर आले होते. सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर भेटले. मी त्यांच्या पाया पडले, कारण ते वयाने मोठे होते आणि त्यांनी आयुष्य या खेळासाठी उन्हातान्हात उभं राहून काढलं होतं. त्यांनी चहाचा ग्लास माझ्या हातात दिला.

"उंची वाया घालवतेयस तू तिची," ते म्हणाले. "रिंगखाली राहिली असती तर आत्ता राज्याला गेली असती."

"उंची कुठे जात नाही सर," मी म्हटलं. "ती तिच्याजवळच आहे."

ते हसले नाहीत आणि त्यांना पटलंही नाही. आम्ही चहा संपवला, त्यांना बसमध्ये बसवून दिलं, आणि मी मुलींना घेऊन नाशिकला निघाले.